वॉलमार्टच्या माघारीची दुसरी बाजू

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

टपालाने सिनेमांच्या डीव्हीडी भाड्याने देण्याच्या धंद्यात नेटफ्लिक्सने वॉलमार्ट या अमेरिकेतल्या अवाढव्य दुकानसाखळीला कसे पाणी पाजले, ही गोष्ट आपल्या रविवार पुरवणीतील लेखात रंगवून सांगितली आहे. गोष्ट खोटी नाही. पण लेखकाने ती वॉलमार्टच्या माघारीपाशी संपवली आणि माझ्या मते महत्त्वाचा भाग तिथून पुढे सुरू होतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

त्या वर्षांत मी नोकरीनिमित्त न्यू जर्सीत एडिसनला होतो आणि माझा पेशाही गोदामे आणि माल-वाहतुकीचा. त्यामुळे या लढाईकडे मी सिनेमाचा शौकीन म्हणून कमी आणि धंद्यातला माणूस म्हणून जास्त पाहिले. आजच्या तरुण वाचकांना नेटफ्लिक्स म्हणजे मोबाइलवरचे ॲप. तेव्हा ते लाल पाकीट होते. महिन्याचे पैसे भरायचे, संकेतस्थळावर हव्या त्या सिनेमांची यादी लावून ठेवायची आणि एका वेळी तीन डीव्हीडी घरी ठेवायच्या. त्या कितीही दिवस ठेवा, दंड नाही. एक परत केली की यादीतली पुढची निघायची. पाकिटाची वरची घडी फाडली की आत परतीचा पत्ता छापलेलाच असे आणि टपालखर्चही भरलेला. डिस्क कागदी म्यानात घालायची, पाकीट चिकटवायचे आणि कामावर जाताना इमारतीच्या पत्रपेट्यांशेजारच्या फटीत सरकवायचे. तेव्हा अमेरिकेत साध्या पत्राचे तिकीट 37 सेंटचे होते. अख्खा धंदा त्या पातळ पाकिटाच्या वजनावर उभा होता. (पुढे 2007 मध्ये टपाल खात्याच्या महानिरीक्षकांनी तक्रार केली की ही पाकिटे छाननीच्या यंत्रांत अडकतात आणि हाताने निवडावी लागतात. वाचून हसू आले, कारण यंत्रात न बसणाऱ्या मालाचा त्रास मी रोज भोगत होतो.)

नेटफ्लिक्स 1997 ची कंपनी. 1998 मध्ये संकेतस्थळ सुरू झाले, 1999 मध्ये मासिक वर्गणीची पद्धत आली आणि मे 2002 मध्ये 15 डॉलर भावाने शेअर बाजारात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बातमी फुटली की वॉलमार्ट अशीच सेवा चाचणी म्हणून सुरू करत आहे, आणि शेअर गडगडला. गुंतवणूकदार घाबरले यात नवल नव्हते. नेटफ्लिक्सची त्या वर्षाची उलाढाल 15 कोटी डॉलरच्या आसपास होती आणि वॉलमार्टची 24 हजार कोटींच्या वर. जून 2003 मध्ये वॉलमार्टने सेवा रीतसर खुली केली. तीन डीव्हीडींच्या योजनेला नेटफ्लिक्स 19.95 डॉलर घेत होते, वॉलमार्टने 18.76 लावले. दुकानातल्या साबणाच्या वडीलाही ते असाच सुटा-सुटा भाव लावतात.

लेखकाने पुढे जे लिहिले आहे की नेटफ्लिक्स 'ग्राहकाच्या प्रेमामुळे' टिकले, ते मला पटत नाही. प्रेमाने डिस्क दुसऱ्या दिवशी घरी पोहोचत नाही. नेटफ्लिक्सने देशभर छोटी छोटी वितरण केंद्रे उघडली होती, मुद्दाम टपालाच्या मोठ्या छाननी केंद्रांच्या आसपास, म्हणजे सकाळी परत आलेली डिस्क तपासून त्याच दिवशी पुढच्या माणसाला रवाना व्हावी. वॉलमार्टकडे गोदामांची कमी होती का? मुळीच नव्हती. पण ती ट्रक भरून दुकानांना माल पाठवण्यासाठी बांधलेली होती. एकेक पाकीट आत घेऊन तासाभरात पुन्हा बाहेर काढणे हा वेगळाच व्यवहार. आमच्या कंपनीतही घाऊक माल हाताळणाऱ्यांना परतीचा माल दिला की त्यांचे चेहरे उतरत.

दुसरी गोष्ट शिफारशींची. नेटफ्लिक्सचे संगणक तुम्ही पाहिलेल्या सिनेमांना दिलेल्या ताऱ्यांवरून तुम्हाला जुने, विसरलेले सिनेमे सुचवत. यात ग्राहकाची सोय होती आणि कंपनीचा खर्चही वाचत होता. सगळ्यांनी एकाच आठवड्यात एकच नवा सिनेमा मागितला तर त्याच्या हजारो प्रती विकत घ्याव्या लागतात. मागणी जुन्या सिनेमांवर पसरली की कपाटातला पडून राहिलेला माल फिरू लागतो. आणि तिसरी गोष्ट वॉलमार्टच्या घरातलीच. अमेरिकेत डीव्हीडी विकणाऱ्यांत वॉलमार्ट अव्वल होते. भाड्याने बघणारा माणूस तीच डिस्क विकत घेईल कशाला? एका हाताने विकायचे आणि दुसऱ्या हाताने विक्री कमी करायची, असा तो उद्योग होता आणि त्यात कंपनीचा जीव कधी दिसलाच नाही.

आता लेखात जे नाही त्याकडे येतो. जून 2004 मध्ये नेटफ्लिक्सने वर्गणी 21.99 डॉलर केली. ऑगस्टमध्ये ब्लॉकबस्टर ही व्हिडिओ दुकानांची बलाढ्य साखळी ऑनलाइन उतरली. मग ॲमेझॉनही येणार अशी हवा झाली आणि ऑक्टोबरात नेटफ्लिक्सने वर्गणी 17.99 वर आणत असल्याचे जाहीर केले. ब्लॉकबस्टरने 17.49 केले, वॉलमार्टने 17.36. डिसेंबरात ब्लॉकबस्टर थेट 14.99 वर आले. आम्हा ग्राहकांची चैन होती. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लोक एका कंपनीची वर्गणी रद्द करून दुसरीकडे कसे गेले, हे एकमेकांना सांगत.

मग मे 2005 मध्ये वॉलमार्टने भाड्याचा धंदा बंद केला. नुसता बंद केला असता तर तो निव्वळ पराभव म्हणता आला असता. पण त्याच घोषणेत दोन्ही कंपन्यांमधला करार होता: वॉलमार्टने आपल्याकडून डीव्हीडी भाड्याने घेणाऱ्या ग्राहकांना नेटफ्लिक्सकडे वळवायचे, त्यांना वर्षभर जुन्याच दराने सेवा मिळेल, आणि नेटफ्लिक्सने आपल्या ग्राहकांना डीव्हीडी विकत घ्यायला वॉलमार्टच्या संकेतस्थळाकडे पाठवायचे. भाडे तुझे, विक्री माझी. आपल्याकडे पेपरवाला धंदा सोडताना आपली लाइन दुसऱ्याच्या हवाली करतो, तशीच ही हवाली होती. ज्यांच्या दारात पेपर पडतो त्यांना कोणी विचारत नाही. ऑगस्टमध्ये ब्लॉकबस्टरचा दर 14.99 वरून 17.99 वर गेला. तो वॉलमार्ट गेल्यामुळेच वाढला असे मी म्हणत नाही, ब्लॉकबस्टरची स्वतःची कर्जेही डोईजड झाली होती. तारखा मात्र डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

काही वर्गणीदारांनी त्या ठेवल्या आणि 2009 मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दोन्ही कंपन्यांवर सामूहिक दावा लावला. त्यांचे म्हणणे असे की जानेवारी 2005 मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी वॉलमार्ट डॉट कॉमचे प्रमुख जॉन फ्लेमिंग यांना जेवायला बोलावले आणि तिथून बाजार वाटून घेण्याची बोलणी सुरू झाली. वॉलमार्टने दोष मान्य न करता 2 कोटी 72 लाख 50 हजार डॉलरची तडजोड केली. हे पैसे लाखो वर्गणीदारांत वाटले गेले, म्हणजे दरडोई काय आले असेल ते बघा. शिवाय भेटकार्डाचा पर्याय होता, जे पुन्हा वॉलमार्टमध्येच खर्च करायचे! नेटफ्लिक्स मात्र लढले आणि जिंकले: 2011 मध्ये खालच्या न्यायालयात, 2015 मध्ये अपिलात. वॉलमार्टचा वाटा इतका किरकोळ होता की त्याच्या जाण्याने नेटफ्लिक्सच्या ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागले हे सिद्ध होत नाही, असा निकालाचा आशय.

निकाल निकालाच्या जागी, आणि कायद्याच्या चौकटीत तो बरोबरही असेल. माझा आक्षेप आपल्या लेखाच्या सुराला आहे. दोघांपैकी एकाला नायक करायची घाई कशाला? नेटफ्लिक्सही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. भराभर सिनेमे बघून परत करणाऱ्यांना, म्हणजे 'हवे तितके' या जाहिरातीवर विश्वास ठेवणाऱ्यांनाच, मुद्दाम उशिरा डिस्क पाठवल्या जातात म्हणून 2004 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांच्यावर दावा झाला होता, आणि सेवेच्या अटींत त्यांना नंतर ते नमूद करावे लागले. कंपनी धाकटी आहे म्हणून ती आपली होत नाही.

हे सगळे आज मराठी वाचकाला कशाला, असे कोणी विचारील. वॉलमार्टने 2018 मध्ये 16 अब्ज डॉलर देऊन फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा घेतला, म्हणजे तो पाहुणा आता आपल्याच घरात आहे. आणि पडद्याचे म्हणाल तर 2023 ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवली तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी रिलायन्स आणि डिस्ने यांचे माध्यम व्यवसाय एकत्र झाले आणि फेब्रुवारी 2025 पासून जिओसिनेमा आणि डिस्नेचे हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार नावाचे एकच दुकान उरले. स्पर्धा आयोगाने अटी घालून परवानगी दिली होती, सर्व काही रीतसर झाले. त्याआधी डिसेंबर 2021 मध्ये नेटफ्लिक्सने भारतात आपली 499 रुपयांची योजना 199 वर आणली होती, हेही आठवते. तेव्हा बाजारात दुकाने जास्त होती.

मोठी कंपनी बाजारात उतरते तेव्हा वर्तमानपत्रे पान-पान भरून लिहितात. ती निघून जाते किंवा समोरच्याशी हातमिळवणी करते तेव्हा चार ओळींची बातमी येते, तीही वाणिज्य पानाच्या कोपऱ्यात. माझी विनंती एवढीच, की आपल्या वाणिज्य प्रतिनिधीने जिओ-हॉटस्टारच्या एकत्रीकरणाआधीचे आणि आजचे वर्गणीचे दर, योजनानिहाय, शेजारीशेजारी छापावेत. कोणत्या योजना गायब झाल्या, कुठे जाहिराती घुसल्या, तेही. मते वाचक आपली आपण बनवतील.

कळावे, लोभ असावा.

आपला नियमित वाचक,
ठाणे

ता. क. - लेखात दोन चुका आहेत. 2000 साली 5 कोटी डॉलरना नेटफ्लिक्स विकत घ्यायची संधी नाकारली ती ब्लॉकबस्टरने, वॉलमार्टने नव्हे. आणि उशीर झाला म्हणून हेस्टिंग्ज यांना 40 डॉलर दंड बसला, त्यातून कंपनी सुचली, ही कथा सोयीची होती म्हणून सांगितली गेली, असे सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केले आहे. जमल्यास शुद्धिपत्र द्यावे.