9-9 ला टॉवेल घ्यायला शिकवणाऱ्या काकूंस

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी चाळीशीपुढील गटाच्या उपान्त्य सामन्यात मी पाचवा गेम 12-10 असा जिंकलो, तेव्हा तुम्ही हॉलमध्ये नव्हता. त्यामुळे तेव्हाच बोलायला हवे होते ते आता लिहितो आहे. आणि सर्वांसमक्ष लिहितो आहे, कारण सदाशिव पेठेतल्या आपल्या दोन टेबलांवर टेबल टेनिस खेळायला येणारे निम्मे लोक तुम्हाला अजूनही 'गुण मोजणाऱ्या काकू' एवढेच समजतात.

गेल्या वर्षी कंपन्यांच्या स्पर्धेत मी 10-8 असा पुढे होतो आणि दोन्ही सर्व्हिस माझ्याच हातात होत्या. पहिली मी लांब आणि वेगात बॅकहँडला टाकली, ती समोरच्याने सरळ मारून काढली. दुसरीही तीच, फक्त आणखी जोरात टाकली आणि ती टेबलाबाहेर गेली. नशीब, हॉलमधले पंखे, नवा चेंडू अशी कारणे मी आठवडाभर सांगत होतो. तुम्ही वाद घातला नाहीत. दोनशे पानी वही आणलीत आणि तीन महिने माझ्या प्रत्येक सामन्यात गुणसंख्या, सर्व्हिस कोणती, कुठे पडली आणि परत कशी आली, हे लिहीत राहिलात. आठ गुणांपर्यंत त्या रकान्यांत सगळे प्रकार दिसत होते आणि नऊच्या पुढे ओळीने सात वेळा 'लां. बॅ.', म्हणजे लांब, बॅकहँडला, असे लिहिलेले होते. "तुला त्या वेळी गुण नको असतो रे, सुटका हवी असते," एवढेच तुम्ही म्हणालात.

त्याच्या पुढचे मात्र मला कोणत्याही शिबिरात कुणी सांगितले नव्हते. ताण आला की मनगट आखडते, बॅट चेंडूच्या खालून घासून जाण्याऐवजी त्याला नुसती लागते, आणि कट, म्हणजे उलटी फिरकी, म्हणून टाकलेली सर्व्हिस प्रत्यक्षात जवळजवळ बिनफिरकीची जाते. समोरचा नेहमीसारखा पुश करतो, म्हणजे बॅट चेंडूखालून हलकेच ढकलतो, कट नसल्यामुळे चेंडू वर उठतो, आणि मी मात्र खाली बसणारा चेंडू उचलायच्या तयारीने गुडघे वाकवून उभा असतो, म्हणून मारायला सोपा असलेला तोच चेंडू माझ्या हातून बाहेर जातो. आपण काय टाकले हे आपल्यालाच ठाऊक नसेल तर तिसरा चेंडू, म्हणजे सर्व्हिस परत आल्यावर आपण मारायचा तो, कसा ओळखणार, हा तुमचा प्रश्न मी आजही सराव सुरू करताना मनाशी म्हणतो.

म्हणून तुम्ही तीच बिनफिरकीची सर्व्हिस मुद्दाम टाकायला लावलीत. हाताची फेक एकच. कट द्यायचा तर चेंडू बॅटच्या टोकाकडे घासायचा, कारण टोक जास्त वेगाने फिरते, आणि कट नको तर मुठीजवळ घ्यायचा, वर मनगट खाली झटकण्याचे नाटकही करायचे. पलीकडच्या बाजूला जाळीपासून वीतभर अंतरावर, अगदी मधोमध, तुम्ही पोह्यांच्या डब्याचे झाकण ठेवत होता आणि सर्व्हिस त्यावर 'टण्ण' वाजली नाही तर ती मोजत नव्हता. मधोमध अशासाठी की तिथून समोरच्याला फारसा कोन मिळत नाही आणि फोरहँड की बॅकहँड हे त्यालाच ठरवत बसावे लागते. त्या झाकणाला आता इतके पोचे आले आहेत की ते डब्याला बसत नाही. नवा डबा माझ्याकडे लागू राहिला.

9-9 चे गणितही तुमचेच. त्या वेळी अठरा गुण झालेले असतात, म्हणजे सहाच्या पटीत, त्यामुळे टॉवेल घेता येतो. आणि गेममध्ये ज्याने आधी समोरच्याची सर्व्हिस परतवली, त्याच्या हातात तिथे दोन सर्व्हिस येतात. 10-10 नंतर प्रत्येकाला एकेकच मिळते, म्हणून जोडीने विचार करण्याची ती शेवटची संधी असते. याच हिशेबाने टॉस जिंकल्यावर सर्व्हिस समोरच्याला द्यावी, कारण पहिल्या गेमचाच क्रम पाचव्यालाही येतो, हे तुमचे मत मात्र मला अजून पुरते पटलेले नाही. सुरुवातीलाच 0-2 असा मागे पडलो की माझे पुढचे चार गुण रागातच जातात.

2023 च्या जुलैत बालेवाडीला अल्टिमेट टेबल टेनिसचे सामने पाहताना, जिथे 10-10 ला ड्युस (दोन गुणांची आघाडी होईपर्यंत खेळणे) नसून पुढचा एकच गुण गेमचा निकाल लावतो, तुम्ही सर्व्हिस परतवणाऱ्याच्या पायांकडेच पाहत होता, ते तेव्हा मला चमत्कारिक वाटले होते. रविवारी 9-9 ला टॉवेलने तोंड पुसता पुसता मीही तेच केले. समोरचा टेबलापासून जरा दूर उभा होता, म्हणजे त्याला लांब चेंडूची अपेक्षा होती. पहिली सर्व्हिस बिनफिरकीची, आखूड, मधोमध टाकली. पुश उंच आला आणि मी तो त्याच्या कोपराकडे मारला. दुसरी त्याच फेकीने, पण कटची टाकली. त्याचा पुश खाली राहिला आणि माझा लूप, म्हणजे पुढे फिरकी देत उचललेला फटका, जाळीत गेला. गुण गेला, तरी काय टाकले होते ते मला ठाऊक होते. 10-10 ला त्याने लांब सर्व्हिस टाकली, मी ब्लॉक केला आणि त्याचा पुढचा फटका बाहेर गेला.

11-10 ला तो टेबलाला चिकटून उभा होता, पुढे झुकलेला, मधोमधच्या आखूड चेंडूची वाट पाहत. त्या संपूर्ण गेममध्ये मी एकही लांब सर्व्हिस टाकली नव्हती. आधीच्या गेममध्ये पंचांनी उंचीबद्दल टोकले होते, म्हणून चेंडू सोळा सेंटिमीटरपेक्षा चांगलाच वर उडवला आणि वहीत सात वेळा लिहिलेली तीच सर्व्हिस टाकली, लांब, बॅकहँडला. त्याची बॅट उशिरा आली.

वहीची शेवटची चाळीसेक पाने कोरी आहेत. गुरुवारी सात वाजता ती घेऊन येतो. या खेपेस रकाने मी भरीन आणि तुम्ही खेळा.

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या टेबलावरचा डावखुरा