फावड्याला कडं बसवून देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री,
सप्रेम नमस्कार.

हे आभाराचं पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. तुमच्या वेल्डिंगच्या दुकानात आम्हा दिव्यांग शेतकऱ्यांसाठी जे बनतं, ते दुसऱ्या तालुक्यातल्या फॅब्रिकेशनवाल्यालाही बनवता यावं, म्हणून मापांसकट. नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, ते पाळतोय.

पहिले आभार तुमच्या विचारण्याचे. हात किंवा पाय गेलेला माणूस दुकानात आला की बाकीचे विचारतात, "कसं झालं?" तुम्ही विचारता, "कुठलं काम अडलंय?" आणि माप घ्यायला रानात येता. माणसाच्या हातात त्याचंच अवजार देऊन, त्याच्याच बांधावर. म्हणूनच तुमच्या वस्तू वापरात राहिल्या. दिसायला हुबेहूब असलेला कृत्रिम हात लग्नकार्यात बरा, पण त्याच्या बोटांत फावड्याचा दांडा ठरत नाही. मग असा हात बहुतेक वेळा खुंटीला लटकतो आणि त्याचा मालक बांधावर बसून दुसऱ्यांना कामं सांगायला लागतो. सांगणारा माणूस हळूहळू शेतीतून बाजूला पडतो. तुम्ही हे होऊ दिलं नाहीत.

आता कड्याबद्दल, म्हणजे हाताऐवजी फावड्याचा दांडा धरणाऱ्या लोखंडी कड्याबद्दल. कोपराखाली हात गेलेल्यांसाठी सॉकेट, म्हणजे उरलेल्या हातावर चढणारा कृत्रिम हाताचा पोकळ भाग, बनवणं हे कृत्रिम अवयव केंद्रातल्या तंत्रज्ञाचं काम. त्यात तुम्ही कधी हात घातला नाहीत, हे फार बरं केलंत. तुम्ही फक्त सॉकेटच्या टोकाच्या बोल्टपासून पुढचं बघितलंत. १० मिमी सळईचं गोल कडं, आतला व्यास दांड्यापेक्षा ८ ते १० मिमी जास्त. कारण फावडं उचलताना पुढचा हात दांड्यावरून सरकतो, तसं कडंही सरकलं पाहिजे. घट्ट केलं तर अडकतं, फार सैल केलं तर दांडा आत खडखडतो आणि प्रत्येक दणका कोपरात जातो.

खरी करामत कडं आणि बोल्ट यांच्या मधल्या सांध्यात आहे. थेट वेल्ड केलेलं कडं आठवडाभरही चालत नाही, कारण फावडं खाली असताना दांडा आणि हात यांच्यात जो कोन असतो तो वर उचलताना बदलतो. सांधा वळला नाही तर सॉकेट वळतं आणि उरलेल्या हाताचं टोक आत घासून सोलपटतं. तुम्ही रोटाव्हेटरच्या शाफ्टला असतो तसा छोटा क्रॉस बसवलात, एकमेकींना काटकोनात दोन पिना. साधे नट धक्क्यांनी ढिले होतात म्हणून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, ढिले न होणारे. कडेची बारीक कूस ग्राइंडरने पूर्ण काढायची, कारण उरलेल्या हाताची कातडी काही जागी बधिर असते आणि कापलेलं उशिरा कळतं. मे महिन्यात लोखंड तापतं, म्हणून कड्यावर सायकलच्या ट्यूबचा वेढा. दांड्यावर पात्यापासून साधारण वीतभर अंतरावर रबराचा अडसर, नाहीतर माती भरून उचलताना कडं पात्यावर घसरतं. आणि दांडा बाभळीचा, पॉलिश पेपरने घासलेला. बांबूच्या पेरांत कडं अडतं.

सॉकेट अंगाला बांधायच्या पट्ट्याचा अनुभवही इथे लिहितो, कारण दुसरीकडे सगळे वेल्क्रो वापरतात. घरात वेल्क्रो उत्तम. रानात त्यात माती, कुसळं आणि भुसा भरतो आणि दोन-तीन आठवड्यांत त्याची पकड जाते. चामडं घाम पिऊन कडक होतं. नायलॉनचा पट्टा आणि एका हाताने दाबून लागणारं बक्कल, एवढंच टिकलं. बक्कल चांगल्या हाताच्या बाजूला हवं, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कुबड्यांवर लिहायचं म्हणजे आमच्या काळ्या रानावर लिहायचं. पावसात कुबडीचं रबरी बूट चिखलात रुततं, उन्हाळ्यात जमिनीच्या भेगेत जातं. दोन्ही वेळा माणूस तोंडावर पडतो. तुम्ही ३ मिमी पत्र्याची १० सेंमी व्यासाची थाळी केलीत, खाली जुन्या टायरचं रबर. पहिली थाळी सपाट होती. ती चिखलात चिकटून बसायची आणि उपसताना तोल जायचा, कारण खाली हवा शिरायला जागाच नव्हती. मग ८ मिमीची चार भोकं पाडलीत आणि उपसणं सोपं झालं. तुरीच्या धसकटात कड अडकत होती, म्हणून ती किंचित वर वळवलीत. थाळी एका खिळीने निघते, त्यामुळे घरात फरशीवर साधं बूट लावता येतं. तरीही वाफसा आल्याशिवाय रानात जायचं नाही, हा नियम कुठलीच थाळी बदलत नाही. ओल्या काळ्या मातीचा थर चढला की थाळी जड होते आणि खांदे भरून येतात.

ट्रॅक्टरचा क्लच हे सगळ्यात जोखमीचं काम, म्हणून त्यावर जरा जास्त. डावा पाय कृत्रिम असला की क्लच दाबता येतो, पण अर्धवट सोडताना तळव्याला अंदाज येत नाही. ट्रॅक्टर उडी मारतो, मागे नांगर जोडताना उभा असलेला माणूस सापडू शकतो. तुम्ही पेडलच्या दांडीला दोन पट्ट्यांचा क्लॅम्प लावून २५ मिमी पाइपचा हातदांडा उभा केलात. वेल्डिंग केलं नाहीत. त्यामुळे पेडलचं मूळ लोखंड तापून कमकुवत झालं नाही आणि घरातल्या दुसऱ्याला चालवायचं असेल तर दांडा दोन बोल्टांत उतरतो. हिशोब सोपा आहे: पेडल फिरतं त्या पिनेपासून पायपट्टी ३० सेंमीवर असेल आणि मूठ ६० सेंमीवर, तर जोर निम्मा लागतो आणि हाताला दुप्पट अंतर जावं लागतं. जोर आणखी कमी व्हावा म्हणून दांडा लांबवला, तर हात पूर्ण पुढे जाऊनही क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर खरखरतात. तेव्हा ६० ते ६५ सेंमीच्या पुढे जायचं नाही.

दुसरी अडचण गुपचूप नुकसान करते. दांड्याच्या वजनाने पेडल किंचित खाली झुकतं, क्लचची मोकळी चाल (पेडल सुरुवातीला रिकामं जातं ते अंतर) संपते, बेअरिंग सतत टेकून राहतं आणि प्लेट जळते. चालकाला वाटतं ट्रॅक्टरच म्हातारा झाला. दांड्याला मागे ओढणारी स्प्रिंग लावून तुम्ही हे थांबवलंत आणि बसवून झाल्यावर मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे पुन्हा तपासता. डावा हात क्लचवर असताना उजव्याने स्टिअरिंग फिरवायला गोल मूठ लागते, तीही तिथेच. चढायला मूळ पायरीखाली आणखी एक पायरी आणि दोन्ही बाजूंना धरायला पाइप. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, आणि उतरताना तोंड ट्रॅक्टरकडे. असा ट्रॅक्टर रस्त्यावर नेण्याआधी बदलाची परवानगी आरटीओकडून घ्यायला तुम्ही प्रत्येकाला सांगता, त्याबद्दलही आभार. अपघात झाला तर विमा तिथेच अडतो.

फवारणीच्या बाबतीत तुमची एक छोटी वस्तू आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते. १६ लिटरचा पाठीवरचा पंप भरला की २० किलोच्या वर जातो आणि त्याला दोन हात लागतात, एक दांड्याला, एक नळीला. बॅटरीचा पंप चाकांच्या गाड्यावर ठेवला आणि ८ ते १० लिटरच भरला की एका हाताने काम होतं, हे पुष्कळांना सुचतं. पण औषधाची बाटली उघडायची कशी? एक हात असलेला माणूस ती गुडघ्यांत धरतो आणि झाकण दातांनी फिरवतो. कीटकनाशकाची बाटली, दातांनी! तुम्ही गाड्याच्या कडेला कमरेच्या उंचीवर लोखंडी कोंडाळं लावलंत, आत रबर, बाजूने एक पंखा-नट. बाटली ठेवायची, नट पिळायचा, हातमोजा घातलेल्या हाताने झाकण फिरवायचं. तेवढ्या कोंडाळ्याने विष तोंडापासून लांब राहिलं. यात आमची भर एवढीच: सॉकेटमध्ये घाम असतो आणि ओल्या कातडीतून औषध लवकर शिरतं. उरलेल्या हातावर जखम असेल त्या दिवशी फवारणी नाही. काम झालं की सॉकेट काढून आतून साबणाने धुवायचं, सॉकेटच्या आत घालायचा मोजा बदलायचा. सॉकेट काढल्यावरचा लालपणा २० मिनिटांत गेला नाही, तर तंत्रज्ञाकडे जायचं. आत कापूस कोंबून वेळ मारून न्यायची नाही.

बसून खुरपणाऱ्यांसाठी केलेल्या चाकांच्या पाटाबद्दल थोडक्यात. बैठक जमिनीपासून २० ते २५ सेंमी, चाकं रुंद. सोयाबीनच्या ४५ सेंमी ओळींत तो मावत नाही, म्हणून पट्टा पेर करून सातवी ओळ मोकळी सोडायची. फवारणीलाही तीच वाट होते.

आणि मळणी यंत्र. आमच्यातले कित्येक हात तिथेच गेले. शेवटची पेंढी आत ढकलताना, सैल बाहीने, रात्री उशिरा, थकलेल्या अंगाने. धोकादायक यंत्रांचा कायदा १९८३ सालचा आहे. सुरक्षित घासतोंडाचं, म्हणजे पेंढी आत सारायच्या तोंडाचं, मापही ठरलेलं आहे: लांबी किमान ९० सेंमी, त्यातलं आत फिरणाऱ्या ड्रमकडचं किमान ४५ सेंमी वरून झाकलेलं. म्हणजे हात पूर्ण लांबवला तरी ड्रमपर्यंत पोचू नये. तरी आखूड तोंडाची जुनी यंत्रं हंगामात फिरतातच. दुरुस्तीला आलेलं असं यंत्र तुम्ही तोंड लांबवल्याशिवाय परत देत नाही, पत्र्याचे पैसे मिळोत न मिळोत. मजुरीवरून भांडून यंत्र दुसरीकडे नेणारेही आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्याकडे आम्ही स्वतः जातोय.

दुकानात लावलेल्या त्या कागदाबद्दलही आभार. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक हात, पाय किंवा डोळा गेला तर १ लाख, दोन अवयव गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख, आणि अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दवाखान्याच्या धावपळीत घरच्यांना हे कुणी सांगत नाही आणि मुदत निघून जाते. यंत्र दुरुस्तीला घेऊन येणाऱ्याच्या नजरेला तो कागद पडतो, ही जागा तुम्ही अचूक निवडलीत.

एक मागणं आहे. तुमची मापांची वही झेरॉक्सला द्या. कोपराच्या वर हात गेलेल्यांसाठी कड्याचा सांधा अजून नीट जमलेला नाही: त्यांना कोपराचा जोर नसतो, सगळा भार खांद्यावर येतो आणि अर्ध्या तासात पट्टा मानेला काचतो. भार पाठीवरून कमरेच्या पट्ट्यावर घ्यायचा विचार तंत्रज्ञांनी बोलून दाखवला आहे. रब्बीची पेरणी आटोपली की त्यांना घेऊन दुकानात येतो. २५ मिमी पाइप आणि पट्ट्या आम्ही आणतो, मजुरी मात्र या वेळी घ्यावीच लागेल.

आपले,
तालुक्यातले दिव्यांग शेतकरी आणि त्यांच्यासोबत काम करणारे आम्ही सगळे