बाबा, मी पैसे वाटत नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलणं होतं, पण "तू नक्की करतेस काय?" या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मावेना, म्हणून लिहायला बसले. तब्येत उत्तम आहे. झोप पुरेशी होते, उशिरा एकटी फिरत नाही. आई, खरंच सांगते.

बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता, पोरगी अमेरिकेत पैसे वाटते. पैसे माझे नाहीत आणि शेवटचा निर्णयही माझा नाही. एखाद्या घराण्याने फाउंडेशनच्या नावे रक्कम बाजूला काढली की ती गुंतवलेली राहते. दरवर्षी तिच्यातलं काही सामाजिक कामावर खर्च केलंच पाहिजे ही सक्ती इथल्या 1969 च्या कायद्याने आली. आज ते प्रमाण साधारण 5 टक्के आहे. मी प्रोग्राम ऑफिसर. पैसे मागणाऱ्या संस्थांचे अर्ज वाचते, संस्थेत जाऊन माणसांशी बोलते, ताळेबंद तपासते आणि ट्रस्टींसाठी टिपण लिहिते. बहुतेकांना नाही म्हणावं लागतं. चांगलं काम करणाऱ्यांनाही. ती पत्रं मी छापील मजकुरावर उरकत नाही, कारण समोरच्याने अर्जासाठी कित्येक रात्री घातलेल्या असतात.

इथली एक गोष्ट मला वर्षभर उमगली नव्हती. बैठक सुरू झाली की आधी प्रत्येकजण सांगतो, आजच्या यादीतल्या कुठल्या संस्थेत माझं कोण आहे. ओळख निघाली की माणूस उठून बाहेर जातो. एक सहकारी बाहेर गेली, कारण तिचा नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी त्या संस्थेच्या समितीवर होता. चर्चा संपेपर्यंत ती पॅसेजमध्ये उभी होती आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. संस्थापकांच्या बाबतीत तर कायदाच आहे. त्यांनी स्वतःची जागा फाउंडेशनला बाजारभावापेक्षा स्वस्तात विकली, तरी तो व्यवहार गुन्ह्यासारखाच धरतात आणि दंडाचा कर बसतो. फायदा कुणाचा झाला हे बघतच नाहीत. त्या कायद्यातल्या 'कुटुंबात' नवरा-बायको येतात, आई-बाप, आजी-आजोबा येतात, मुलं, नातवंडं, पतवंडं आणि त्यांचे जोडीदार येतात. सख्खे भाऊ-बहीण मात्र नाहीत! मी तो भाग तीनदा वाचला. आमच्या ऑफिसचे स्वतःचे नियम याहून कडक आहेत, तिथे भावंडंच काय, मावशीसुद्धा येते.

म्हणून आई, मावशीच्या संस्थेचा अर्ज मी पुढे नेला नाही. ती रागावली आहे हे मला कळलं. मी परकी झाले असं तिला वाटत असेल, तर तसं नाही गं. परदेशी पैसा घ्यायला आपल्याकडच्या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी लागते, ती तिच्याकडे नाहीच, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या संस्थेमार्फत तो तिच्यापर्यंत पोचवताही येत नाही. तिला आपल्याकडच्या कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी काढलेला पैसा, मिळू शकेल. त्यासाठी 12ए आणि 80जी या करसवलतीच्या नोंदण्या, सीएसआर निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 ची नोंदणी आणि तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब तयार हवेत. मी सगळं लिहून तिला वेगळं पाठवलंय. तिने वाचलं का, एवढं विचारून सांग.

अभि विचारत होता, त्याला या क्षेत्रात येता येईल का. येईल, पण थेट माझ्यासारखं काम मिळेल या आशेवर बसू नकोस म्हणावं. इथल्या जागा मोजक्या असतात आणि माणसं एकदा आली की लवकर हलत नाहीत. प्रोग्राम ऑफिसरला आधी शिक्षण, आरोग्य, शेती असं एखादं क्षेत्र आतून माहीत असावं लागतं. मी संस्थेत अर्ज लिहिण्यात चार वर्षं घालवली, तीच इथे उपयोगी पडली. त्याचा स्वभाव नेटका आहे. त्याने ग्रँट्स मॅनेजरचं काम बघावं: करार, निधीचे हप्ते, अहवालांच्या तारखा, कायद्याची पूर्तता. ग्रँट्स मॅनेजरला कुणी फारसा मान देत नाही, पण तो चुकला तर संस्थेचा हप्ता अडकतो आणि तिथल्या कार्यकर्त्यांचे पगार थांबतात. आकड्यांत रस असेल तर मूल्यमापनाचं कामही आहे. आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, त्यामुळे सीएसआर विभागांना अशी माणसं लागतात. मात्र आधी दोन-तीन वर्षं एखाद्या संस्थेत त्याने प्रत्यक्ष काम करावं. मागणाऱ्याच्या जागी बसल्याशिवाय देणाऱ्याच्या खुर्चीत बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता राहिलेलं. पगार दादाच्या आयटीतल्या मित्रांइतका नाही, पण मला पुरतो आणि उरतोही. ताईच्या लग्नाचे पैसे मी या महिन्यात पाठवते, बाबांनी एफडी मोडू नये. लग्नाच्याच आठवड्यात ट्रस्टींची तिमाही बैठक आहे. माझ्या सहा संस्थांची टिपणं त्यात आहेत आणि ती दुसऱ्या कुणाला मांडता येणार नाहीत. मी तारीख बदलून मागितली, मिळाली नाही. ताईला अजून सांगितलेलं नाही. आई, तू सांगशील का? नको, मीच रविवारी फोन करते.

आणि त्या स्थळाकडून विचारलंय ना, मुलगी 'दानधर्माच्या ऑफिसात' म्हणजे कायमची नोकरी आहे का? कायमची आहे म्हणून सांगा. हे काम मी सोडणार नाही, हेही सांगा. बाकी आपण बोलू.

तुमची,
मीनू