लेकीचं वजन वाढतंय, साहेब

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी बार्शी तालुक्यातली अंगणवाडी सेविका. दर महिन्याला गावातली पोरं काट्यावर उभी करायची, आकडा वहीत आणि मग मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचा, हे माझं काम. एखादं पोर पिवळ्यातून, म्हणजे कमी वजनातून, हिरव्यात आलं की मी आणि मदतनीस दोघी त्याच्या आईला हाक मारून वही दाखवतो. स्वतःच्या लेकीला काट्यावर उभं करताना मात्र माझ्या पोटात गोळा येतो. तिचं वजन वाढलं की मला भीती वाटते.

तिला गोशे नावाचा आजार आहे. कागदावर कुणी गौचर लिहितं, कुणी गौशर. केसपेपरवर तीन तऱ्हा आहेत. शरीरात एक एन्झाइम पुरेसं तयार होत नाही, त्यामुळे चरबीसारखा एक पदार्थ पानथरीत (म्हणजे प्लीहेत), यकृतात, हाडांच्या मज्जेत साठत जातो. पोट फुगतं, प्लेटलेट उतरतात, हाडं ठणकतात. लेक तीन वर्षांची होती तेव्हा पोट घागरीसारखं आणि हातपाय काड्या. दोन घास खाल्ले की "आई, पोट भरलं" म्हणायची. नाकातून रक्त यायचं. एका दवाखान्यात मलेरियाची औषधं झाली, दुसऱ्यात रक्तवाढीची. जंताची गोळी तर मी माझ्या हातानं दिली, दोनदा. इतरांच्या पोरांची पोटं बघून सल्ले देणारी बाई मी.

शोध लावला तो आपल्याच खात्याच्या गाडीनं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला आलं होतं. त्यातल्या डॉक्टर मॅडमनी पोटावर हात ठेवला, दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, हे जंत नाहीत, पानथरी बेंबीपर्यंत आली आहे." तिथून सोलापूर, तिथून मुंबई. रक्ताच्या तपासणीत नाव कळलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, लग्न नात्यात झालंय का? मला आत्याच्या घरी दिलंय, आत्याच माझी सासू. आईबाप दोघांकडूनही बिघडलेला जीन आला तरच हा आजार होतो, आणि असं जोडपं असेल तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता, हे त्यांनी चित्र काढून समजावलं. नात्याबाहेरच्या लग्नातही हे होतं, हेही सांगितलं. पण आत्या त्या दिवसापासून माझ्याशी नीट डोळे भिडवून बोलत नाही. हे आपल्या खात्याचं काम नाही, मला ठाऊक आहे. तरी लिहिलं.

उपचार आहे. कमी पडणारं एन्झाइम दर पंधरा दिवसांनी सलाइनमधून द्यायचं, जन्मभर. आम्ही रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीनं जातो, दिवसभर वॉर्डात, परत रात्रीच्या गाडीनं. महिन्यातून दोनदा माझे मानधनाचे दिवस त्यात जातात, त्याची तक्रार नाही. दीड वर्षात पानथरी आक्रसली, प्लेटलेट वर आल्या. पोर पळते. जेवायला मागते.

आणि इथेच आमचा हिशेब सुरू होतो. डॉक्टरांनी लावलेला डोस किलोमागे ६० युनिट. एका बाटलीत ४०० युनिट. सुरुवातीला लेक १३ किलोची होती, म्हणजे ७८० युनिट, दोन बाटल्यांत भागायचं. आता ती १७ किलोची आहे, म्हणजे १,०२० युनिट. उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टर एकदा दोन, एकदा तीन असं करून सरासरी राखतात. वीस किलोला दर वेळी तीन होतील. परवा तिनं तिसरी चपाती मागितली आणि माझा हात डब्यावर थांबला. क्षणभरच. वाढली तिला. पण थांबला होता.

केंद्राचं दुर्मीळ आजारांचं धोरण मार्च २०२१ चं. आपण ते वाचलं असेलच, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून सांगते. दहा किलोच्या बाळाला काही दुर्मीळ आजारांत वर्षाला १० लाखांपासून १ कोटीच्याही वर खर्च येऊ शकतो, उपचार आयुष्यभराचा असतो, आणि वय व वजन वाढेल तसा डोस आणि खर्च वाढतो, असं त्या धोरणातच लिहिलं आहे. म्हणजे माझ्या चपातीच्या डब्याची गोष्ट दिल्लीला माहीत होती. तरीही मे २०२२ मध्ये उपचाराच्या सरकारी मदतीची जी मर्यादा वाढवली ती ५० लाखांची, आणि ती वर्षाची नाही, एका रुग्णाला एकदाच. पोर वाढतं, मर्यादा वाढत नाही. आमच्या फाइलवर आता तीन-चार महिन्यांचे पैसे उरलेत. इंजेक्शन थांबलं तर पानथरी पुन्हा वाढते, प्लेटलेट पुन्हा उतरतात. धोरणानं क्राउडफंडिंगचं पोर्टलही काढलंय. कुणी अनोळखी माणूस दया येऊन पैसे टाकेल, या भरवशावर मी दर पंधरवड्याचं तिकीट काढू का?

हे केंद्राचं आहे, असं आपलं कार्यालय म्हणेल. खरं आहे. धोरणानं आजारांचे तीन गट केलेत. राज्यांकडे दिलाय तो दुसरा गट, खास आहार आणि कमी खर्चाच्या औषधांवर भागणारे आजार, आणि तिथेही राज्यांनी "विचार करावा" इतकीच नरम भाषा. गोशे तिसऱ्या गटात, म्हणजे महागड्या, जन्मभराच्या उपचारांच्या. पण केरळनं २०२४ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी स्वतःची योजना सुरू केली, दिल्लीची वाट बघत बसलं नाही. किमती खाली येतात हेही दिसलंय. याच आजाराची एक गोळी, एलिग्लुस्टॅट, देशात बनायला लागली तेव्हा वर्षाचा खर्च १.८ ते ३.६ कोटींवरून ३ ते ६ लाखांवर आल्याचं केंद्रानंच नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं. ती गोळी मुळात मोठ्या माणसांसाठी आली. माझी लेक सहा वर्षांची आहे. मोठी होईपर्यंत तिला या बाटल्यांवरच काढायचंय.

म्हणून मागणं दोनच. ज्यांचे ५० लाख संपले किंवा संपत आलेत, त्या मुलांचा एकही डोस चुकू नये एवढा निधी राज्यानं बाजूला काढावा आणि फाइल संपण्याआधी तो सुरू व्हावा. आणि राज्यातल्या अशा सगळ्या मुलांच्या बाटल्यांची गरज एकत्र मोजून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणानं कंपन्यांशी दर ठरवावेत. आमची पोरं मोजणं अवघड नाही. मोजायचं काम मी रोज करते, मदत लागली तर येईन.

येत्या गुरुवारी रात्री आम्ही गाडीला बसू. शुक्रवारी सकाळी वॉर्डात सिस्टर आधी तिचं वजन घेतील.

आपली नम्र,
एक अंगणवाडी सेविका,
बार्शी तालुका, जि. सोलापूर