भंगारातल्या बॉनेटबद्दल आभार

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर 'थँक्यू' म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता, हे मला आता पाठ झालंय. म्हणून लिहायला बसले. आणि चारचौघांसमोर लिहितेय, कारण पहिलं पॉलिशर, म्हणजे गाडीचा रंग घासून चमकवायचं मशीन, घेताना माझ्यासारखेच गोंधळलेले बरेच असणार आणि त्यांच्या शेजारी तुम्ही नसणार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात वहीचं एक पान होतं. तीन मशीन, प्रत्येकाचे रकाने: वॅट किती, आरपीएम किती, वायर किती लांब. ज्याचे आकडे मोठे ते मशीन चांगलं, इतका साधा हिशोब. त्या हिशोबात रोटरी, म्हणजे पॅड एकाच आसाभोवती फिरवणारं मशीन, पहिली आली होती आणि मी ती घेतल्यातच जमा होती. त्याच्याही आधीचा बेत तुम्हाला लाजून सांगितला नव्हता, तो आज सांगते. घरी ग्राइंडर पडून आहे, त्यालाच फोमचं पॅड लावलं तर? पॉलिशिंगची रोटरी मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे घेते आणि छोटा ग्राइंडर १०-११ हजार, हे कळल्यावर त्या बेतानेच घाम फुटला. तरी मशीनसारखं मशीन दिसतं, दोन्हींना बाजूला तसाच दांडा असतो. माणूस फसणारच.

तुम्ही ते पान वाचलंही नाहीत. घडी करून खिशात टाकलंत आणि म्हणालात, "आधी गाडी दाखव."

गाडी गर्द निळी, म्हणजे काही लपत नाही. सावलीत बरी दिसायची. तुम्ही एलईडी टॉर्च तिरपा धरलात आणि बॉनेटभर कोळ्याचं जाळं उमटलं, दिव्याच्या ठिपक्याभोवती गोल गोल. मला वाटायचं रंग जुना झाला म्हणून फिका दिसतो. तुम्ही म्हणालात, हे सगळे बारीक चरे आहेत, बहुतेक आपणच कोरड्या फडक्याने धूळ पुसून पाडलेले. मग मागच्या दारावरच्या लांब ओरखड्यावर माझंच बोट फिरवायला लावलंत. नख अडकलं. "हा जाणार नाही. याच्या मागे लागलीस तर रंग जाईल." दोन मिनिटांत मशीनचा प्रश्न बाजूला राहिला आणि खरा प्रश्न समोर आला: काढायचं काय आहे आणि काढायला शिल्लक किती आहे.

शिल्लक मोजायचं गेज तुम्ही त्याच दिवशी हातात दिलंत. आजकालच्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. पॉलिशिंग म्हणजे या थराला चमक लावणं नाही, चऱ्याच्या कडा खाली आणण्यासाठी हा थर थोडा खरवडून सपाट करणं, हे मला त्या दिवशी उमगलं. हे गेज पत्र्यावर चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर आकडाच देत नाही, म्हणून बंपरवर हात नेहमी हलका ठेवायचा. हे तुम्ही तीनदा सांगितलंत. मी दोनदा विसरले होते.

पण हे पत्र खरं तर त्या बॉनेटबद्दल आहे.

भंगारातून आणलेलं ते लाल बॉनेट तुम्ही दोन घोड्यांवर आडवं ठेवलंत, मधोमध मास्किंग टेप लावलीत आणि म्हणालात, डावं रोटरीचं, उजवं डीएचं, म्हणजे ड्युअल ॲक्शन मशीनचं. आधी डावं. कंपाउंडचे, म्हणजे जास्त कापणाऱ्या भरड पॉलिशचे, चार थेंब पॅडवर, पॅड पत्र्यावर टेकवून मगच ट्रिगर. पहिल्या अर्ध्या मिनिटात मी खूश झाले. चरे डोळ्यांदेखत गायब. रोटरीत पॅड एकाच आसाभोवती, थेट मोटरच्या जोरावर फिरतं. तुम्ही दाबा, तिरपं धरा, एका जागी थांबा, ते फिरतच राहतं. म्हणून ते झपाट्याने कापतं. आणि म्हणूनच मी बॉनेटच्या उंचवट्यावर, त्या कडेवर क्षणभर रेंगाळले तेव्हा पांढरं पॅड लाल झालं.

मला वाटलं, घाण निघतेय. तुम्ही काही बोलला नाहीत. मशीन बंद करून पॅड उलटं धरलंत. क्लिअर कोट संपला होता आणि खालचा रंग पॅडवर आला होता. कडेवर थर मुळात पातळ आणि पॅडचा सगळा भार नेमका तिथेच येतो. मी "सॉरी" म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "सॉरी कशाला? त्यासाठीच आणलंय ते."

काका, या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहितेय. मशीन निवडून देणारे पुष्कळ भेटले. तेच मशीन मनसोक्त बिघडवून बघायला जागा देणारे तुम्ही एकटेच.

उरलेल्या भागावर टॉर्च मारल्यावर आणखी एक गंमत दिसली. चरे गेले होते, पण त्यांच्या जागी मशीन फिरेल तसे सरकणारे पट्टे आले होते. होलोग्राम. रोटरी वाईट म्हणून नव्हे, माझा हात कच्चा म्हणून. तुम्ही त्याच पट्ट्यावर मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन, वेग उतरवून, तेच रोटरी फिरवलंत आणि पट्टे गेले. बघताना सोपं वाटलं. तेव्हाच ठरवलं, रोटरी आत्ता नाही.

मग उजवं अर्धं. डीएचं पॅड दोन चाली चालतं: आसापासून थोडं सरकून घिरट्या घेतं आणि घिरट्या घेता घेता स्वतःभोवती मोकळं फिरतं. ते 'मोकळं' महत्त्वाचं. जास्त दाबलं की फिरणं थांबतं, नुसती थरथर उरते. तुम्ही बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर चिकटतं तिच्या, कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढलीत. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, एका जागी थरथरताना दिसली तर तुम्ही फक्त वेळ घालवताय. इतकी स्वस्तातली युक्ती एकाही मशीनच्या पुस्तिकेत मला सापडली नाही. त्या अर्ध्यावर मी कडा जाळायचा मुद्दाम प्रयत्न केला, आठवतं? जळाली नाही. जास्त वेळ एकाच जागी राहिले तर डीएनेही जळेल, हे तुम्ही बजावलंत. पण चुकीला थोडा अवकाश मिळतो.

मग थ्रोचं गणित. घिरटीचा व्यास म्हणजे थ्रो. जुन्या, लहान डीएंचा ८ मिलिमीटरच्या आसपास, आता १५ आणि २१ सर्रास दिसतात. रुपेस कंपनीच्या बिगफूट मशीनमुळे हे मोठे थ्रो सगळ्यांच्या तोंडी आले. मला अर्थातच २१ हवं होतं. आकडा मोठा! तुम्ही वाद घातला नाहीत. मला गाडीभोवती एक चक्कर मारायला लावलीत आणि जिथे हातभर सपाट जागा आहे ती बोटाने दाखव म्हणालात. छत. बॉनेटचा मधला भाग. बस्स. दारांना घड्या, मागच्या बाजूला बाक, आरशांखाली खाचा. २१ चं मशीन मोठ्या सपाट जागेवर भराभर पुढे जातं, पण आमच्या गाडीच्या बाकांवर त्याचं पॅड सारखं अडलं असतं. १५ चा थ्रो आणि १२५ मिलिमीटरची, म्हणजे ५ इंची प्लेट, हे उत्तर गाडीनेच दिलं. मोठं मशीन घेऊन त्याला लहान प्लेट लावू का, असंही मी विचारलं होतं. त्यावर तुम्ही मशीनमधलं तोल सांभाळणारं वजन, काउंटरवेट, दाखवलंत. ते ठरावीक प्लेट-पॅडच्या वजनाशी जुळवलेलं असतं, जोडी मोडली की थरथर हाताला कळते.

तिसरा प्रकारही तुम्ही दाखवलात, गिअरवर चालणारा, फोर्स्ड रोटेशन. फ्लेक्स कंपनीचं ३४०१ हे मशीन त्यातलंच, थ्रो ८. घिरट्याही घेतं आणि फिरणंही सक्तीचं, त्यामुळे बाकावर अडत नाही. कडक रंगावर ते मशीन सोनं आहे, मी मान्य करते. पण पाच मिनिटं धरल्यावर ते मला ओढत नेतंय असं वाटत होतं. तुम्ही चेहरा बघूनच ते परत ठेवलंत.

आणि ती परीक्षा! मशीन बंद, प्लग काढलेला, आणि मी ते दाराला टेकवून खांद्याच्या उंचीवर आडवं धरून उभी. अडीच किलो म्हणजे काय हे पुस्तिकेत वाचून कळत नाही, चौथ्या मिनिटाला मनगटात कळतं. बॉनेटवर मशीनचं वजन मशीनच पेलतं, दारावर ते आपण पेलतो. मशीन घेणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं. वहीच्या माझ्या पानावर वजनाचा रकानाच नव्हता.

एका बाबतीत मात्र माझं अजून पटलेलं नाही. बॅटरीवरच्या मशीनला तुम्ही खेळणं म्हणता. मला पटत नाही. वायर खांद्यावरून घेतली तरी ती कधी ना कधी पॉलिश केलेल्या पत्र्यावर घासतेच, आणि माझी तर दोनदा घासली. पण मी वायरचंच घेतलं, कारण बॅटरीचं वजन पुन्हा त्याच मनगटावर येणार होतं. म्हणजे जिंकलात तुम्हीच, पण कारण माझं.

पॅडबद्दल तुमचं ऐकलं ते बरं झालं. मी एक मशीन आणि दोन पॅड घेणार होते. तुम्ही म्हणालात, मशीन थोडं साधं घे, पॅड जास्त घे. गरम झालेलं, पॉलिशने चिकट झालेलं पॅड कापत नाही, नुसतं सारवतं. उष्णता पॅडच्या मध्याशी साठते आणि मागचं वेल्क्रो सुटायला लागतं. पहिल्याच दिवशी एकाचं सुटलं, तेव्हा तुमची आठवण आली. रंगांवरूनही फसणार होते. एका कंपनीचं नारिंगी कडक तर दुसरीचं नारिंगी मध्यम असू शकतं. दाबून बघायचं, रंग बघायचा नाही.

गाडीचं काय झालं, ते थोडक्यात सांगते. धुतली, रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा क्ले फिरवला, रबरी पट्ट्या आणि कडा टेपने झाकल्या. बॉनेटवर दीड फुटाचा चौकोन आखून तिथेच आधी प्रयोग केला, सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशपासून, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने. मनात मात्र कंपाउंडच होतं. काका, त्याची गरजच पडली नाही. मऊ पॅड मात्र पुरलं नाही, मध्यम लागलं, पण पॉलिश तेच बारीक. आडवे, मग उभे फेरे, प्रत्येक पट्टा आधीच्याच्या अर्ध्यावर, हात मुंगीच्या चालीने. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पॉलिशचं तेल काढलं आणि मग टॉर्च मारला. तेल असताना सगळंच छान दिसतं, हेही तुमचंच वाक्य. जाळं बरंचसं गेलं होतं. कंपाउंडची बाटली अजून सीलबंद आहे.

पूर्ण गाडीला दोन दिवस लागले. मला एक दिवस वाटला होता. मागच्या दारावरचा तो ओरखडा आहे तिथेच आहे. एकदा मोह झाला, मशीन घेऊन त्याच्यासमोर बसलेही होते. मग लाल झालेलं पॅड आठवलं आणि उठले.

दोन गोष्टी राहिल्या. तुमचा काळा मार्कर माझ्याकडेच आलाय, चुकून. आणि ते बॉनेट इतक्यात भंगारात घालू नका. डाव्या अर्ध्यात, बिजागरीच्या बाजूला, वीतभर जागा अजून कोरी आहे. मार्कर द्यायला येईन तेव्हा रोटरी पुन्हा एकदा हातात द्याल ना?

तुमची,
निळ्या गाडीवाली