आरसा आणणाऱ्या अक्कांना

अक्का,

पीपीई किट घालताना सगळेच जपतात. घात होतो तो काढताना. सहा-आठ तास घामानं निथळलेलं, पाण्याच्या घोटासाठी आसुसलेलं माणूस घाई करतं, नि गाऊनची बाहेरची बाजू उघड्या मनगटाला लागते. २०२० साली हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉफिंग रूमच्या, म्हणजे किट काढायच्या खोलीच्या, दारात उभं राहायला मात्र तुम्हीच आलात.

ज्यांच्या हातात पैसा होता त्यांनी गेटवर फवारणीची कमान उभारली. माणसांवर औषध फवारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं त्याच एप्रिलमध्ये सांगितलं होतं, तरी ती चालूच राहिली. झडपेचे मास्क वाटले गेले. त्यांतून घालणाऱ्याचा श्वास न गाळताच बाहेर पडतो.

तुम्ही घरच्या कपाटाचा आरसा आणलात. मास्कचा पट्टा दिसला नाही की हात चाचपडतो, नि चाचपडताना चेहऱ्याला लागतो. एवढं साधं कारण, पण ते तुम्हालाच सुचलं. मग सहा फुटांवर उभ्या राहून एकेक पायरी म्हणायचात, खानापूरच्या पोरीला मराठीत, गोकाकच्या पोराला कन्नडमध्ये. वरचे हातमोजे काढ, आता हात चोळ, वीस सेकंद. गाऊन झटकू नको, आतली बाजू बाहेर करत गुंडाळ. पुन्हा हात. गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. एन-९५ खोलीबाहेर आल्यावर: आधी खालचा पट्टा, मग वरचा, पुढच्या भागाला बोट नको. "निधान, बाळा, निधान." कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. पाळीतल्या शेवटच्या माणसालाही तोच आवाज. मराठी पोरंसुद्धा एकमेकांना 'निधान' म्हणायला लागली.

मास्क पुरत नव्हते तेव्हा कागदी पिशवीवर नाव नि वार लिहून ते पाळीपाळीनं वापरायला तुम्हीच शिकवलंत. प्लास्टिकमध्ये ओल राहते, नि साबणानं धुतला की तंतूंवरचा, कण खेचून धरणारा विद्युतभार जातो, मग एन-९५ नावालाच. आयांनासुद्धा कारण सांगितलंत: ब्लीचिंग पावडर लिटरला तीस ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत, रोज ताजी, कारण कालच्या पाण्यात क्लोरीनचा जोर उरत नाही. झाडू मारणाऱ्या बाईला डॉक्टरांइतकंच समजावून सांगणारी माणसं फार थोडी असतात, अक्का. तिलाही तेवढाच धोका होता.

आरसा अजून त्याच भिंतीवर आहे. जंतुनाशक हायपोक्लोराइटनं पुसून पुसून कडेचा पारा उडालाय. घरी लागत असेल तर नवा घेऊन देतो. हा इथंच राहू द्या.

तुमचे,
वॉर्डातले सगळे