फोटोखाली नाव कोणाचे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जुन्या मुंबईचे पानभर फोटो छापलेत. पान हौसेने पाहिले, कात्रणही काढून ठेवले. त्यातल्या परळ नाक्याच्या फोटोखाली १९६८ साल टाकले आहे आणि फोटोत ट्राम धडधडीत उभी आहे. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. सालाचे एक वेळ सोडून देऊ. पण अख्ख्या पानावर एकाही फोटो काढणाऱ्याचे नाव नाही, जिथे तिथे 'संग्रहित छायाचित्र'. संग्रहाने काही उन्हात उभे राहून कॅमेरा धरला नव्हता.

मी गिरगावातल्या एका स्टुडिओची डार्करूम सांभाळली आहे. पेपरांना फोटो देणारे काही जण आमच्याकडून प्रिंट करून घ्यायचे. प्रिंट वाळली की पहिले काम पाठ भरायची: नावाचा रबरी शिक्का, आणि शिसपेन्सिलीने तारीख, जागा, रिळाचा नंबर. तेही हलक्या हाताने, जोर दिला तर पुढच्या बाजूला वळ उठतो. आता त्या प्रिंटा स्कॅन होतात त्या फक्त तोंडाकडून. पाठ उलटून बघायला कोणाला वेळ आहे? तिथून पुढे तो फोटो निनावी होतो आणि मोबाइलवरून गावभर फिरतो.

नाव पुसले जाण्याचे मोठे उदाहरण मुंबईतच आहे. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ चा, नवसारीचा, पण त्या वाढल्या आणि शिकल्या मुंबईत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये होत्या. फोटोग्राफी शिकवली माणेकशॉ व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढे त्यांचे लग्न झाले. सुरुवातीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, महिलांच्या एका क्लबच्या सहलीचे, फोटोमागे १ रुपया. मग 'इलस्ट्रेटेड वीकली'तही त्यांचे काम छापून येऊ लागले. फोटो बाईंनी काढायचा आणि खाली नाव नवऱ्याचे, असे बरेच दिवस चालले. बाई, त्यातून नवख्या, मग नाव कोण छापणार! जे.जे.मधल्या मुली, युद्धाच्या दिवसांतली मुंबई, व्ही.टी. स्टेशन, हे त्यांचे सगळे फोटो त्या काळातले. १९४२ मध्ये त्या नोकरीसाठी दिल्लीला गेल्या. लाल किल्ल्यावरचे १६ ऑगस्ट १९४७ चे पहिले झेंडावंदन, नेहरू, माउंटबॅटन यांचे त्यांनी काढलेले फोटो सगळ्यांना ठाऊक आहेत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले, पुढच्याच वर्षी त्या गेल्या. माझे मत विचाराल तर नेहरूंपेक्षा जे.जे.च्या त्या मुली मला जास्त आवडतात. पुढाऱ्याचा फोटो काढायला दहा जण टपलेले असतात, वर्गातल्या मुलींकडे कॅमेरा वळवायला नजर लागते.

त्या रोलीफ्लेक्स वापरत. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. काचेत डावे-उजवे उलटे दिसते. डावीकडून येणारी हातगाडी काचेत उजवीकडून येते, त्यामुळे हात बसायला वेळ लागतो. फायदा असा की फोटो काढणाऱ्याची मान खाली असते, समोरच्याला आपल्याकडे कोणी रोखून बघतेय असे वाटत नाही. एका रिळात फोटो बारा. उगाच बटण दाबायची सोय नाही.

या कॅमेऱ्याची निगेटिव्ह चौकोनी असते. आपल्या पानावरचे निदान दोन फोटो तसल्याच निगेटिव्हचे असावेत, कारण आडव्या जागेत बसवायला ते वरून-खालून छाटल्यासारखे वाटतात. एकात मोच्याची पेटी अर्धी राहिली आहे, दुसऱ्यात दुकानाच्या पाटीची फक्त खालची ओळ. ती पाटी पूर्ण असती तर गल्ली कोणती, हे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितले असते.

नाव छापणे ही काही मेहेरबानी नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले कलम ५७ 'हे माझे काम आहे' असे सांगण्याचा हक्क ज्याचे त्याला देते. एरवी आपला पेपर शुद्धलेखनाबाबत काटेकोर आहे, तेवढाच काटेकोरपणा इथे दाखवला तर फार खर्च यायचा नाही. पुढचे पान लावताना तीन गोष्टी कराव्यात, ही विनंती. ज्यांच्याकडून फोटो येतात त्यांच्याकडून पाठीचाही स्कॅन मागवावा. फोटो छाटायचाच असेल तर पाट्या वाचवाव्यात. आणि शोधूनही नाव सापडले नाही तर सरळ 'छायाचित्रकार अज्ञात, माहिती असल्यास कळवावे' असे छापून खाली आपला पत्ता द्यावा. आपला पेपर चाळीचाळींतून जातो. एखाद्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत त्याच रिळाची बाकीची अकरा निगेटिव्ह पडलेली असू शकतात.

ट्रामच्या सालाची दुरुस्तीही जमल्यास छापावी.

आपला,
एक निवृत्त डार्करूमवाला,
गिरगाव, मुंबई